तरसाचा फ्रीज, पिसोरीचं नाक

एका जंगलात एक फ्रीज चालला होता. स्वतःच्या पायांनी नव्हे. दोन वानर त्याला दोरांनी बांधून, बांबूला टांगून नेत होते. दोघांनीही नाकाला गमछा बांधला होता.

निरुपमाला पहिल्यांदा खटकला तो गमछा.

निरुपमा म्हणजे पिसोरी. मुलांनो, तुम्ही पिसोरी पाहिली नसेल. कुणीच फारशी पाहिलेली नसते. ती हरणासारखी दिसते, सशाएवढी असते, आणि तुम्ही तिला पाहायच्या आत तिनं तुम्हाला पाहिलेलं असतं आणि ती गेलेली असते. घाबरणं हा पिसोऱ्यांचा कुलाचारच आहे. त्यातून निरुपमा शिकलेली. मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. शेवटच्या वर्षाला तिनं 'भीती : कारणे आणि उपाय' असा प्रबंध लिहिला होता. कारणांचीच एकशे दहा पानं झाली. उपायांना जागा उरली नाही.

अडाणी पिसोरी पाचोळा वाजला की पळते. शिकलेली पिसोरी पाचोळा वाजला नाही, तर तो का वाजला नाही म्हणून पळते.

"गमछा कशाला हो दादा?" निरुपमानं विचारलं.

"धूळ," पहिला वानर म्हणाला.

"थंडी," त्याच वेळी दुसरा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फ्रीज तिच्या ढोलीत ठेवला आणि चहालाही न थांबता ते निघून गेले. वानर चहाला थांबत नाहीत म्हणजे काय, हे जंगलात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. निरुपमालाही कळलं. पण आपण उगाच घाबरतो, असं तिनं मनाला समजावलं. हे असं समजावणं तिला प्रबंधापासून चांगलं जमायला लागलं होतं. मन काही ऐकायचं नाही, तो भाग वेगळा.

फ्रीज होता तरसआबांचा. आबा आता थकले होते. घाटापलीकडच्या रानात लेकीकडे कायमचे राहायला गेले होते. जाताना म्हणाले, "पोरी, फ्रीज तुला घे. बारा वर्षं वापरलाय, कधी कुरकुर नाही. काय वाटेल ते ठेव, सगळं पचवतो."

फ्रीजनं पचवायचं नसतं, टिकवायचं असतं, हे निरुपमाला तेव्हाच सुचलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला, त्यातून तरसाला, उलट कोण बोलणार?

आणि फ्रीज तर तिला हवाच होता.

त्याचं असं झालं. निरुपमा श्रीखंड करायची. फार छान करायची. रानगाईच्या दुधाचं दही लावायचं, ते फडक्यात बांधून फांदीला टांगायचं, चक्का झाला की साखर घालून पुरणयंत्रातून काढायचा, वर वेलदोडा. मग डबा झऱ्याच्या गार पाण्यात ठेवायचा. पण एवढं करून ती कुणाला वाटी द्यायची ती "बिघडलं तर नाहीये ना हो?" असं विचारूनच द्यायची. त्यामुळे खाणारा पहिला घास जरा जपूनच घ्यायचा.

एकदा ऐरावतीमावशींनी ते चाखलं. ऐरावतीमावशी म्हणजे हत्तीण, सगळ्या कळपाची कारभारीण. त्यांना लहान आवाज ऐकू येत नसल्यामुळे निरुपमाचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी सरळ खाल्लं. सोंड वर केली आणि म्हणाल्या, "अगं, हे काय आहे काय!"

त्यांच्या मुलीचा साखरपुडा गुरुवारवर आला होता. "वरपक्षाचे पाच जण येणार आहेत," मावशी म्हणाल्या. "त्यांच्यापुरतं श्रीखंड तू कर. व्याह्यांना आवडलं तर लग्नाचंही तुझंच."

पाच हत्तींना जिभेला लावण्यापुरतं श्रीखंड म्हणजे अख्खा फ्रीज भरून. झरा तर चैत्रातच आटला होता. ही निरुपमाच्या आयुष्यातली पहिली ऑर्डर. घरी आईचं एकच पालुपद होतं, "कसलं श्रीखंड घेऊन बसलीस? वनखात्याच्या परीक्षेला बस." गुरुवार नीट पार पडला तर आईला तोंड देता आलं असतं. नाही पडला तर परीक्षेचा अर्ज भरून तयार होता. आईनंच भरला होता. निरुपमानं फक्त त्यावर खूर उठवायचा बाकी होता.

(जंगलात वीज कुठून आली, असं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी गोष्ट संपल्यावर थांबावं.)

तर वानर गेले. निरुपमानं फ्रीजची पिन लावली आणि दार उघडलं. आतला दिवा लागला. आणि दिव्यापाठोपाठ वास आला.

तो भसकन आला नाही. पाहुण्यासारखा आला. आधी उंबऱ्यावर थांबला, मग आत आला, मग ऐसपैस बसला.

निरुपमा तीन उड्यांत शेजारी पोचली. शेजारी साळूकाकू राहायच्या. साळूकाकू म्हणजे साळिंदर. पाठभर काटे, आणि जिभेवर त्याहून दोन जास्त.

"काकू, वास!"

"कुठं?"

"फ्रीजमध्ये. तरसआबांच्या."

"मग तरसाच्या फ्रीजमध्ये काय मोगऱ्याचा येणार होता?" काकू उठल्या. "चल. आधी पिन काढ. चालू फ्रीज धुवायला निघालेल्या दोघी जणी मला माहीत आहेत. दोघींचेही फोटोच बघितलेत मी."

निरुपमा घाबरली, पण पिन काढायला घाबरण्याची गरज असतेच, म्हणून काकूंनी तिला काही म्हटलं नाही.

वरच्या खणात बर्फाचा गोळा झाला होता. बारा वर्षांत तो वितळवायची कल्पना कुणाला सुचली नव्हती. निरुपमानं सुरी उचलली.

"ठेव ती!" काकू ओरडल्या. निरुपमा उडून टोपल्यामागे गेली. "अगं, गॅसची नळी असते आत. सुरी लागली की फ्रीजचं कपाट होतं. कढत पाण्याचं पातेलं ठेव खणात आणि दार लावून बस. बर्फाला घाई केलेली आवडत नाही."

थोड्या वेळानं बर्फ सुटला. त्याच्या पोटात काहीतरी होतं. काकूंनी ते झटकन पळसाच्या पानात गुंडाळलं.

"काय होतं काकू?"

"गाजर."

"त्याला खूर होता."

"तरसाच्या गाजराला असतो. तू ट्रे काढ."

निरुपमानं ट्रे काढले. ते गाजर आपल्या नात्यातलं तर नसेल, हा विचार तिच्या मनात आला. दूरच्या नात्यातलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली, आणि मग दूरच्या नातेवाइकांची यादी मनात म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या आत्यापाशी आल्यावर काकूंनी तिच्या हातात फडकं दिलं.

कोमट पाण्यात खायचा सोडा घातला. सगळे ट्रे, भाजीचा कप्पा, दारातले अंड्यांचे खळगे, सगळं त्यात बुडवून घासलं. आतल्या भिंती त्याच पाण्यानं पुसल्या. मग कोरड्या फडक्यानं. मग लिंबाच्या फोडीनं, मग पुन्हा कोरड्या. पाणी तीनदा घेतलं. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं तपकिरी, तिसरं पाण्यासारखं.

"झालं?" निरुपमानं विचारलं.

"आता तर सुरुवात आहे. दाराचं रबर बघ." काकूंनी पाठीवरचा एक काटा उपटला. "हा घे. रबराच्या घडीत फिरव. वास राहतो तो घडीत राहतो. बायकांच्या रागासारखा."

काट्यानं घडीतून जे निघालं त्याचं वर्णन मी करणार नाही. तुम्हाला अजून जेवायचं आहे.

मग काकूंनी मागच्या भिंतीच्या तळाशी एक बारीक भोक दाखवलं. आतलं पाणी तिथून बाहेर जातं. तिथेही काटा गेला. मग त्यांनी फ्रीज फिरवून पाठ पुढे केली. खाली, मोटरपाशी, एक पसरट तबकडी होती. वितळलेलं पाणी त्या भोकातून येऊन तिच्यात साचत होतं. बारा वर्षांचं.

"हे काय असतं?" निरुपमा नाक दाबून म्हणाली.

"हे असं काही असतं हे जगात कुणालाच माहीत नसतं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर सगळे आतून फ्रीज पुसत बसतात आणि मागून वास येत राहतो."

तबकडी उन्हात घातली. ट्रे उन्हात घातले. फ्रीजचं दार काटकी लावून उघडं ठेवलं. सोमवारचा अख्खा दिवस त्याला वारा दिला. मग एका वाटीत लाकडी कोळसा घालून वाटी आत ठेवली, दार लावलं, पिन लावली.

मंगळवारी सकाळी काकू आल्या. दार उघडलं. नाक आत घातलं. बाहेर काढलं.

"गेला."

"नक्की?"

"गेला म्हणजे गेला. आता दूध सांग, चक्का बांध, कामाला लाग. आणि एक ऐक. या वासाचं नाव कुणापुढे काढू नकोस."

"का?"

"का म्हणजे काय? नको म्हटलं ना!"

मुलांनो, खरं तर ही गोष्ट इथे संपायला हवी होती. शहाण्यांच्या गोष्टी अशाच लहान असतात.

पण काकू गेल्यावर निरुपमानं दार उघडून वास घेतला. वास आला नाही. पुन्हा घेतला. पुन्हा आला नाही. आता वास येत नाही म्हणजे दोन शक्यता. एक, वास गेला. दोन, आपलं नाक गेलं. तिनं नाकाची परीक्षा म्हणून लसणाची पाकळी हुंगली. लसणाचा वास आला. म्हणजे नाक होतं. पण लसणाचा वास ओळखणारं नाक तरसाचा वास ओळखेलच, असं कुठे लिहिलं आहे? सरावानं नाक मरतं, हे तिनं पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. दोन दिवस ती त्याच वासात होती. काकूही होत्या. म्हणजे दोन्ही नाकं बाद.

तिसरं नाक हवं होतं.

हसू नका. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी आज घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिलेलं असणार.

तेवढ्यात समोरून दंताजीराव चालले होते. दंताजीराव म्हणजे रानडुक्कर. जमिनीखाली हातभर खोल काय आहे, हे वरून सांगणारं नाक. त्याहून चांगलं नाक जंगलात नव्हतं.

"काका, एक मिनिट येता? या फ्रीजमध्ये कसला वास येतो का बघता? खरं सांगा हं. मला वाईट वाटणार नाही."

दंताजीराव आले. नाकाड आत घातलं. डोळे मिटले.

"येतो."

"येतो?"

"येतो काय, दरवळतोय! ओली माती. खाली मुळं. आणि एक कंद, जरासा कुजलेला. वा! असा फ्रीज आम्हाला कुणी द्यायला पाहिजे."

दंताजीरावांच्या नाकाडावर सकाळपासूनची ओली माती थापलेली होती. निरुपमाला ती दिसत होती. पण 'येतो' हा शब्द कानावर पडला आणि तिला दिसायचं बंद झालं.

आता चौथं नाक हवं होतं. तटस्थ. शिकलेलं. तिला नकुल वकील आठवले. ते मुंगूस होते आणि बांबूच्या बेटात त्यांचं कार्यालय होतं. ते लगेच आले.

"मत हवंय का अभिप्राय?" त्यांनी विचारलं.

"फरक काय असतो?"

"मत चुकू शकतं."

"मग अभिप्राय द्या."

वकीलसाहेबांनी फ्रीज इंचाइंचानं हुंगला. खालच्या कप्प्यापाशी आले तशी त्यांची शेपटी फुलली.

"साप," ते म्हणाले.

निरुपमा एकदम माळ्यावर होती. कशी गेली ते तिलाही कळलं नाही.

"सा... साप आहे?"

"आहे असं मी म्हणत नाही. होता असंही म्हणत नाही. नव्हता असं म्हणता येणार नाही, एवढंच म्हणतो."

नकुल वकिलांना आयुष्यभर दुसरा वास आलेला नव्हता. स्वतःच्या लग्नात वरमाला हुंगूनही त्यांनी हेच म्हटलं होतं, आणि मुहूर्त टळला होता. हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. निरुपमालाही. पण अभिप्राय तो अभिप्राय.

आणि हे सगळं टिटवीनं ऐकलं.

टिटवीबाई आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपतात. आभाळ अजून पडलं नाही ते आपल्यामुळे, असं त्या मानतात. जागेपणी त्यांना दुसरं काम नसतं. जंगलात सगळ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, 'आपलं रान : फक्त महत्त्वाचे निरोप'. टिटवीबाईंनी त्यावर लिहिलं :

'निरुपमाच्या फ्रीजमध्ये साप असल्याचे कळते. खात्री नाही. सर्वांनी काळजी घ्यावी.'

मग सुरू झालं.

'विषारी का बिनविषारी?'

'फ्रीज किती लिटरचा आहे?'

'आमच्या भाच्याच्या फ्रीजमध्ये पण निघाला होता. पण तो पालीसारखा दिसत होता.'

'सुप्रभात. आजचा सुविचार : संशय हे मनाचे जाळे आहे.'

'साप श्रीखंडात आहे का फ्रीजमध्ये, हे नीट लिहा.'

श्रीखंड तर अजून झालंही नव्हतं! निरुपमानं घाईघाईनं लिहिलं, 'साप नाही. फक्त जुना वास होता. तोही गेला आहे. बहुतेक.'

ते शेवटचं 'बहुतेक' तिनं प्रामाणिकपणानं लिहिलं होतं. ग्रुपवर तेवढंच वाचलं गेलं.

मग घाटापलीकडून तरसआबांचा निरोप आला. 'आमच्या वेळी साप नव्हता.'

त्यावर बावीस अंगठे आले. कुणीतरी लिहिलं, 'बारा वर्षं आबांकडचं ताक प्यायलो. कधी वास म्हणून आला नाही.' दुसऱ्यानं लिहिलं, 'आबांचं घर म्हणजे आरसा.' तिसऱ्यानं लिहिलं, 'हल्लीच्या मुलींना फ्रीज वापरता येत नाही.'

निरुपमाच्या डोळ्यांपुढे पळसाच्या पानातलं ते गाजर आलं. लिहावं का? पण आबांचं वय झालेलं. शिवाय दात अजून शाबूत. तिनं लिहिलं नाही.

बुधवारी सकाळपासून उपाय यायला लागले. जंगल तसं मायाळू आहे. साप घालवायला कुणी आलं नाही, पण सांगायला सगळे आले. एकीनं कॉफीची पूड दिली, "उघड्या बशीत ठेव, सगळं ओढून घेते." एकानं कापूर दिला. कुणी संत्र्याच्या साली, कुणी कडुलिंबाचा डहाळा, कुणी चुरगाळलेली वर्तमानपत्रं. एका आजींनी हिंगाचा खडा दिला, "सापाला हिंग चालत नाही बाई." दंताजीरावांनी आपुलकीनं एक कंद आणून ठेवला.

निरुपमानं एकालाही नाही म्हटलं नाही. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, न जाणो, हाच लागू पडायचा. एक उपाय ठेवताना आधीचा काढायचा असतो, हे तिला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी ज्यांनी दिला ते विचारायला आले तर काय सांगणार?

दुपारी तिनं दार उघडलं. आतून देवळामागे कुणीतरी कॉफी सांडावी आणि तिला हिंगाची फोडणी द्यावी, असा वास आला.

"आला!" निरुपमा किंचाळली. आणि खरं सांगते, त्या किंचाळण्यात भीतीपेक्षा समाधान जास्त होतं. दोन दिवस ती म्हणत होती ना!

किंचाळी ऐकून साळूकाकू आल्या. आत पाहिलं.

"हे काय मांडलंयस? फ्रीज आहे का वाण्याचं दुकान?"

"वास जाण्यासाठी..."

"वास मंगळवारीच गेला होता. हे त्याचं तेरावं घालतेयस का?"

निरुपमा रडायला लागली. "काकू, सगळे म्हणतात..."

"सगळ्यांना तूच विचारलंस. तू विचारलंस, वास येतो का? आता माणूस 'नाही' म्हणाला तर त्याच्या नाकाची काय अब्रू राहिली? त्याला काहीतरी सांगावंच लागतं." काकूंनी कंद उचलून बाहेर फेकला. "चल, पाणी तापव. सोडा कुठंय?"

पुन्हा पिन काढली. पुन्हा सगळं बाहेर. पुन्हा सोड्याचं पाणी, कोरडं फडकं, ऊन, वारा. संध्याकाळी फ्रीज पुन्हा नुसता फ्रीज झाला. काकू दाराशी पाठ करून बसल्या. काटे बाहेर. कुणी उपाय घेऊन आला की नुसत्या अंग फुलवायच्या. एकही उपाय आत आला नाही.

आणि निरुपमानं श्रीखंड केलं. हात कामाला लागले की ती घाबरायची नाही, हे तिच्या प्रबंधात कुठेही आलेलं नव्हतं. चक्का असा उतरला होता की फडक्याला चिकटलासुद्धा नाही. तिनं तो घोटला, घोटला, घोटला. डबे भरले, झाकणं गच्च लावली, फ्रीजमध्ये ठेवले. सगळे खण गच्च भरले.

गुरुवारी सकाळी काकूंनी एका डब्यातलं बोटभर चाखलं.

"वेलदोडा जरा जास्त झालाय."

"आणि वास?"

"वेलदोड्याचा."

"दुसरा?"

"निरुपमे, आता मी तुला काटा टोचेन."

वानर आले. डबे बांबूला टांगले. या वेळी चहाही प्यायले. आणि निघाले.

आता फक्त वाट पाहायची होती. पण ऐरावतीमावशींना कळलं असेल तर? त्या ग्रुपवर नव्हत्या. मोबाइलवर पाय ठेवला की एकदम सहा जणांना फोन लागायचे, म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता. त्यांच्याकडे जुना फोन होता, सागाच्या बुंध्याला टांगलेला; त्यात मुंगीचा आवाजही मोठा ऐकू यायचा. पण कुणी जाऊन सांगितलं असेल तर? टिटवी उडत गेली असेल तर? व्याह्यांपुढे कुणी बोललं तर?

"मी फोन करते," निरुपमा म्हणाली.

"कशाला?"

"नुसतं सांगायला. श्रीखंड निघालंय म्हणून. तेवढं तर सांगायलाच हवं ना? धंद्याची रीत आहे."

काकू उठल्या. मग पळसाचं एक पान घेतलं आणि त्यावर काट्यानं तीन ओळी कोरल्या. 'नमस्कार मावशी. श्रीखंड पाठवलं आहे. वानर निघाले आहेत.'

"हे वाचायचं. आणि ठेवायचा. पानाबाहेर एक शब्द नाही."

"नाही."

"शपथ घे."

"आईशप्पथ."

निरुपमानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

म्हणजे त्यांना कळलं आहे.

तिनं पुन्हा लावला. नाही उचलला. म्हणजे नुसतं कळलेलं नाही, त्या रागावल्या आहेत. तिसऱ्यांदा नाही उचलला. म्हणजे व्याही उठून गेले आहेत. चौथ्यांदा नाही. म्हणजे साखरपुडा मोडला, आणि ती गोड मुलगी आता जन्मभर निरुपमाच्या फ्रीजमुळे बिनलग्नाची राहणार. पाचव्यांदा घंटी वाजत असताना निरुपमानं मनातल्या मनात परीक्षेच्या अर्जावर खूर उठवला.

"अगं, साखरपुडा आहे," काकू म्हणाल्या. "ताशे-वाजंत्री असेल. ऐकू येत नसेल."

निरुपमाला हे पटलं. पटून तिनं सहावा फोन लावला.

आणि पलीकडून कुणीतरी उचलला.

आधी सनई ऐकू आली. मग मोठ्यानं हसणं, भांड्यांचे आवाज, आणि मग भरदार, मायेचा आवाज आला, "हॅलो! कोण, निरुपमा का गं? अगं बाई, तुझीच आठवण काढत होते! व्याही सारखे विचारतायत, ते श्रीखंड कुठंय?"

काहीच झालं नव्हतं. कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिनं पान डोळ्यांपुढे धरलं.

"नमस्कार मावशी," तिनं वाचलं. "श्रीखंड पाठवलं आहे. वानर निघाले आहेत."

संपलं. तिन्ही ओळी झाल्या. काकूंनी मान डोलावली आणि खुणेनं सांगितलं, ठेव.

पलीकडे मावशींनी श्वास घेतला. नुसता श्वासच. पण हत्तीचा श्वास लांब असतो. तो घेऊन होईपर्यंत फोनवर शांतता पसरली. आणि शांतता हा एकच आवाज असा आहे, की जो निरुपमाला कधीच सोसला नव्हता.

"आणि मावशी," ती म्हणाली, "साप नव्हताच हो."

तात्पर्य : ज्याच्या बर्फात खूर सापडला त्याचं घर आरसा ठरतं, आणि जिनं फ्रीज दोनदा धुतला तिच्याकडे साप निघतो. तेव्हा मुलांनो, स्वच्छता जमली नाही तरी चालेल. घाण मात्र आत्मविश्वासानं करावी.